भिंतीच्या आतलं पाणी: साखळी आणि वाळवंटीचा एक अभ्यास

चोर्ल्याच्या डोंगरात पडलेला पाऊस केरीपाशी सपाटीला लागतो, मोर्ले आणि पर्येच्या भागातून वाहत उत्तर गोव्यातल्या साखळी शहरात येतो आणि पुढे मांडवीच्या खाडीला मिळतो. या नदीचं नाव वाळवंटी. तिच्या एका काठाला साखळीचा बाजार आणि जुनं बंदर, दुसऱ्या काठाला कारापूर आणि विठ्ठलापूर. बाजार वसला तो नदीमुळेच. माल उतरवायला सोपी, सखल जागा लागते आणि सखल जागेत पाणी येतं. बाजारातल्या जुन्या दुकानांमध्ये माळे एवढे भक्कम का केलेत, हे पावसाळ्यात एकदा तिथं उभं राहिलं की कळतं.

या शहराचा पूर वर्षानुवर्षे एकाच शब्दात सांगितला जायचा: नदी आली. जलस्रोत खात्याने काठाला संरक्षक भिंती बांधल्या, नाल्यांच्या तोंडाशी दरवाजे बसवले, पंपघर उभं केलं. त्यामुळे फरक पडला, आणि तो मान्यच केला पाहिजे. नदी तुडुंब वाहत असताना बाजार कोरडा राहिला, असे दिवस लोकांनी पाहिले आहेत. तरीही मोठा पाऊस झाला की बाजाराच्या सखल भागात पाणी साचतं आणि व्यापारी माल वर चढवतात. हे पाणी भिंत ओलांडून येत नाही. ते भिंतीच्या आतच पडलेलं असतं, आतल्याच टेकड्यांवरून उतरलेलं असतं. बाहेर पडायची वाट बंद झाल्यामुळे ते साचतं.

म्हणून या प्रकरणात पुराचा अभ्यास नदीपासून सुरू न करता नाल्यापासून करावा, असं माझं मत आहे. साखळी हे उदाहरण आहे. डिचोलीच्या बंदरवाड्याला, म्हापशाच्या तार नदीकाठाला, पणजीच्या सांतिनेज नाल्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

झडप कशी काम करते

शहरातला नाला नदीला मिळतो तिथे भिंतीत एक तोंड ठेवावं लागतं आणि त्या तोंडाला झडप असते. नाल्याची पातळी जास्त असली की झडप बाहेर ढकलली जाते आणि पाणी नदीत जातं. नदी चढली की तिचाच दाब झडप मिटवतो. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या, बांधात बसवलेलं मानस नेमकं याच तत्त्वावर चालतं. भरतीला लाकडी फळी आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेने शेकडो वर्षं सांभाळलेली ही युक्ती आज लोखंडात आणि काँक्रीटमध्ये उभी आहे.

मानसाची राखण करायला माणूस असायचा. झडपेलाही तसा माणूस लागतो, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं. गोव्यातल्याच एका शहरात भर पावसात मी अशा झडपेपाशी उभा होतो. नाल्यातून वाहत आलेली माडाची झावळी झडपेच्या खालच्या कडेत आडवी अडकली होती आणि तिला गाठ मारलेली कचऱ्याची पिशवी अडली होती. झडप जेमतेम चार बोटं उघडी राहिली होती. तेवढ्या फटीतून नदीचं गढूळ पाणी आत घुसत होतं, इतक्या जोराने की आतल्या बाजूला नाल्याच्या पाण्यावर उलटी लाट दिसत होती. एका पोराने लांब बांबू घालून झावळी काढली तेव्हा लोखंड काँक्रीटवर आपटल्याचा आवाज झाला आणि उलटी लाट थांबली. भिंत कितीही उंच असली तरी त्या वेळी शहराचं संरक्षण त्या बांबूच्या टोकाशी होतं.

झडप मिटली की आतलं पाणी उचलून भिंतीपलीकडे टाकायचं काम पंपांचं. इथे एक साधा हिशेब मांडून बघावा, कारण पंप बसले म्हणजे प्रश्न संपला अशी समजूत पक्की आहे.

समजा शहरातल्या नाल्याचं पाणलोट क्षेत्र दोन चौरस किलोमीटर आहे. हे प्रत्यक्ष मोजमाप नाही, हिशेबासाठी धरलेला आकडा आहे. त्यावर तासाला ५० मिलिमीटर या गतीने पाऊस पडला आणि त्यातला ७० टक्के वाहून आला, तर नाल्यात सेकंदाला साधारण १९ घनमीटर पाणी येतं. सेकंदाला ५०० लिटर उपसणारा पंप म्हणजे भलामोठा पंप. असे जवळजवळ ४० पंप एकाच वेळी चालले तरच हे पाणी येईल तसं बाहेर जाईल. एवढे पंप कुठलीही नगरपालिका बसवणार नाही आणि बसवूही नयेत. म्हणजे पाणी काही वेळ कुठेतरी थांबायलाच हवं. ते कुठे थांबावं हे आपण ठरवलं नाही तर ते बाजारात थांबतं.

शेताची किंमत

पूर्वी ते शेतात थांबायचं. साखळीच्या आसपासच्या सखल पट्ट्यात सरद म्हणजे पावसाळी पिकाची भातशेती होती, अजूनही बरीच आहे. मेरेने, म्हणजे मातीच्या बांधाने, बांधलेल्या एक हेक्टर शेतात ३० सेंटीमीटर पाणी थांबलं तर ते ३,००० घनमीटर होतं. वरचा ५०० लिटरचा पंप एवढं पाणी उपसायला १०० मिनिटं घेतो. एक हेक्टर शेत शंभर मिनिटं पंप चालवतं, तेही डिझेलशिवाय, विजेशिवाय आणि देखभालीच्या निविदेशिवाय. भात अशा थोड्या तासांच्या बुडीला दाद देत नाही. लावणी नुकतीच झाली असेल किंवा पाणी कित्येक दिवस हललं नसेल तर मात्र नुकसान होतं.

आता दुसरी बाजू. त्याच दोन चौरस किलोमीटरवर पूर्वी माती, गवत, काजूच्या बागा, परसातली कुळागरं (माडा-पोफळीच्या बागा) जास्त होती तेव्हा पावसातला समजा ४० टक्के वाहून यायचा. छपरं, काँक्रीटची अंगणं, डांबर आणि पेव्हर वाढल्यावर तो ७० टक्क्यांवर गेला. ५० मिलिमीटरच्या एका तासात आधी ४०,००० घनमीटर पाणी यायचं, ते आता ७०,००० येतं. वाढ ३०,००० घनमीटरची. दहा हेक्टर शेत ३० सेंटीमीटर भरलं तर बरोबर तेवढं पाणी मावतं. आपण एका हाताने पाणी वाढवतो आणि दुसऱ्या हाताने ते ठेवायची जागा मातीने भरतो. शेतात लाल मातीचे टिपर रिकामे होतात, भराव रस्त्याच्या पातळीला येतो, मग भूरूपांतराचा अर्ज येतो. शेजारच्या घरात पाणी शिरतं ते पुढच्या आषाढात. तोवर दोघांचा संबंध कुणाला आठवत नाही.

गोव्याच्या जमीनवापराच्या प्रादेशिक आराखडा २०२१ ने भातशेती, खाजनं आणि पंचवीस टक्क्यांपेक्षा तीव्र उताराच्या जमिनी संवेदनशील गटात घातल्या होत्या. पुराच्या दृष्टीने ही वर्गवारी अगदी बरोबर होती, कारण उतारावरून पाणी निघतं आणि शेतात थांबतं. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. त्याखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट झाली आणि तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. कायद्याची बाजू कायदेपंडित सांगतील. पाणलोटाच्या बाजूने एवढंच सांगता येतं की एकेक भूखंड सुटा बघितला तर पुराचा हिशेब कधीच लागत नाही. अर्धा हेक्टर भराव घालणारा प्रत्येकजण ‘माझ्या एवढ्याशाने काय होणार’ म्हणतो आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं. वीस जणांचं मिळून दहा हेक्टर होतं.

मोरी आणि गाळ

नाल्याच्या लांबीवर प्रत्येक मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट), प्रत्येक स्लॅब, प्रत्येक वळण मोजलं पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात उपयोगी आहे. उपग्रहाच्या उंचीचे नकाशे आज फुकट मिळतात, इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाचे आहेत. पण तीस मीटरच्या चौकटीत तीन मीटर रुंदीचा नाला दिसत नाही आणि दाट झाडीत नकाशा जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दाखवतो. पाणलोटाची हद्द काढायला ते ठीक. मोरीत किती पाणी मावतं ते टेप आणि लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) घेऊन नाल्यात उतरल्याशिवाय कळत नाही.

यात दोन आकडे मनात ठेवावेत. उघड्या, रुंद नाल्याची खोली गाळाने निम्मी झाली तर त्याची वहनक्षमता निम्मी राहत नाही, जवळजवळ एक तृतीयांशावर येते. पाइपाचंही तसंच. एकाच उताराला ६०० मिलिमीटरचे दोन पाइप मिळून १२०० मिलिमीटरच्या एका पाइपाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी पाणी नेतात. कुणाच्या तरी गेटसमोर, दुकानाच्या पायरीखाली, नव्या रस्त्याच्या जोडावर ‘दोन पाइप टाकले आहेत’ असं सांगितलं जातं तेव्हा तिथं नाला बंदच होत असतो. शिवाय छोट्या पाइपात झावळ्या लवकर अडकतात.

गाळ काढायचा तर कधी, हेही महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला तर जूनच्या पहिल्या सरीत तो परत नाल्यात येतो. हे दरवर्षी दिसतं. गाळ उचलून नेण्याचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरला नसेल तर ते काम अर्धंच समजावं. आणि वसंत बंधाऱ्यांच्या फळ्या. हिवाळ्यात पाणी अडवायला त्या घालतात, पावसाआधी काढायच्या असतात. एखाद्या बंधाऱ्यात दोन खालच्या फळ्या फुगून अडकल्या आणि तशाच राहिल्या की वरच्या अंगाला वाळू साचते, पात्र उथळ होतं आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी काठावरून कुणाच्या तरी कुळागरात घुसतं. फळ्या मोजून घालाव्यात आणि मोजूनच काढाव्यात.

चोवीस तासांचा पाऊस पुरेसा का नाही

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. साखळी आणि वाळपई या दोन्ही ठिकाणी पर्जन्यमापन होतं आणि आकडे वर्तमानपत्रात येतात. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, ही वर्गवारी आता सगळ्यांना पाठ झाली आहे. नदीच्या अभ्यासाला हे आकडे चालतात. नाल्याच्या अभ्यासाला चालत नाहीत. दिवसभरात संथ पडलेले १२० मिलिमीटर साखळीला काहीच करत नाहीत, नाला ते सहज वाहून नेतो. त्यातले ७० मिलिमीटर एका तासात पडले तर बाजारात पाणी उभं राहतं. वर्तमानपत्रात दोन्ही दिवशी आकडा एकच छापून येतो.

म्हणून दर पंधरा मिनिटांचा पाऊस नोंदवणारी स्वयंचलित यंत्रं हवीत: एक शहरात, एक केरीच्या बाजूला, एक चोर्ल्याच्या माथ्याकडे. हा खर्च पंपाच्या मानाने किरकोळ आहे.

वेळेचं गणित इथूनच पुढे उलगडतं. डोंगरमाथ्यापासून साखळीपर्यंत प्रवाहाची लांबी पंधरा किलोमीटर आणि उतार सातशे मीटर धरला, तर पाणी खाली पोचायला किती वेळ लागतो ते सांगणारं किर्पिचचं जुनं सूत्र पावणेदोन तासांच्या जवळ उत्तर देतं. सपाटीला नदी मंदावते, म्हणून दोन-तीन तास धरू. शहरातल्या नाल्याला मात्र अर्धा तास पुरतो. एकच ढग दोन्हीवर बरसला तर आधी नाला भरतो, नदी नंतर चढते. मध्ये जी फट मिळते ती शहराची खरी संधी आहे. त्या वेळात नाल्याचं पाणी पंपाशिवाय, आपल्या उताराने नदीत जाऊ शकतं. घाबरून दरवाजे आधीच खाली केले तर ही संधी वाया जाते. दरवाजा कधी पाडायचा हे नदीच्या पातळीवर ठरलं पाहिजे, आणि त्यासाठी नाल्याच्या तोंडाशी आत एक आणि बाहेर एक अशा दोन मापपट्ट्या रंगवलेल्या हव्यात, रात्री टॉर्च मारून वाचता येतील अशा.

अंजुणेचं धरण: आरोप आणि उपयोग

पूर आला की गावात दुसरं वाक्य निघतं, धरणातून पाणी सोडलं. केरीजवळच्या अंजुणे धरणाची साठवण ४,४८३ हेक्टर-मीटर, म्हणजे सुमारे ४.४८ कोटी घनमीटर, आणि पूर्ण भरल्याची पातळी ९३.२ मीटर. या धरणासाठी अंजुणे, गुळ्ळे या गावांच्या लोकांनी घरंदारं सोडली आणि मोर्लेच्या वसाहतीत संसार मांडले. पाणी सिंचनाला जातं, पिण्याला जातं. त्यामुळे ते पूर्ण भरावं ही अपेक्षा रास्त आहे.

धरण भरलेलं असताना येईल तेवढं पाणी पुढे सोडावं लागतं. त्या वेळी ते पूर वाढवत नाही, पण अडवतही नाही. जागा रिकामी असेल तर मात्र ते मोठं काम करतं. साठवणीचा दहावा भाग मोकळा ठेवला तर सुमारे ४५ लाख घनमीटर पाण्याला जागा होते. वीस चौरस किलोमीटरवर २०० मिलिमीटर पाऊस पडून थेंबन् थेंब वाहून आला तरी ४० लाख घनमीटर होतात. म्हणजे एका भयंकर दिवसाचा लोंढा धरणाच्या मागे तासन् तास थोपवता येतो आणि खाली साखळीच्या नाल्याला दरवाजा उघडा ठेवायला वेळ मिळतो.

माझ्या मते जुलै आणि ऑगस्टचा बराचसा काळ ही जागा राखावी आणि धरण सप्टेंबरात भरू द्यावं. यात धोका आहे. सप्टेंबर कोरडा गेला तर मार्चमध्ये शेतकऱ्याला आणि नळाला कमी पाणी मिळेल आणि त्याचा जाब खालच्या शहराने द्यायचा की वरच्या शेतकऱ्याने सोसायचा, हा प्रश्न उरतो. तो तंत्राचा प्रश्न नाही, दोन्ही बाजूंनी एकत्र बसून सोडवायचा आहे. दहा टक्के की सात, हे जुन्या नोंदी पाहून ठरवता येईल. मात्र पाणी कधी सोडायचं हे साखळीतल्या पावसाकडे बघून ठरवावं. शहरात नाला भरलेला आहे त्याच तासात विसर्ग वाढवला तर ती मधली फट मिटते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाच्या विसर्गानंतर शापोरा नदीकाठचं, आपल्याच डिचोली तालुक्यातलं साळ गाव पाण्याखाली गेलं. वरच्या पाण्याची खबर खालच्या माणसाला वेळेत आणि त्याच्या भाषेत मिळणं म्हणजे काय, ते साळच्या लोकांनी चांगलंच ओळखलं आहे.

आणि हेही लक्षात ठेवायला हवं की अंजुणे फक्त आपल्या वरचं पाणलोट अडवतं. धरणाखाली येऊन मिळणारे व्हाळ (ओढे) मोकळेच आहेत. धरणाचे दरवाजे बंद असूनही वाळवंटी चढू शकते.

डोंगर काय करतो, काय करत नाही

पाणलोटाचा प्रश्न म्हटला की उतारावर चर खणा, झाडं लावा, असं सांगितलं जातं. मी त्याच्या बाजूचा आहे, पण योग्य कारणासाठी. जांभ्याचा सडा, म्हणजे माथ्यावरचं पठार, जूनमध्ये पाणी पीत राहतो. जुलैच्या मध्यापर्यंत तो भरतो, जागोजागी झरे फुटतात, चर काठोकाठ असतात. त्या स्थितीत २०० मिलिमीटरचा दिवस आला तर चर फारसं काही अडवत नाहीत. २३ जुलै २०२१ ला असंच झालं. म्हादई, रगाडा, खांडेपार सगळ्या एकदम चढल्या, सत्तरीत पैकूळचा पूल वाहून गेला, आणि १९८२ नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. त्याच पावसात सत्तरीच्या डोंगरांत दरडी कोसळल्या. जांभ्याखालच्या चिकणमातीत पाणी मुरून वरचा थर सुटतो, आणि उतार तोडून सपाट केलेला असेल तर तो लवकर सुटतो.

चरांचा, गवताचा, झाडांचा खरा फायदा माती धरून ठेवण्यात आहे. डोंगरावरची माती डोंगरावर राहिली तर नाल्याची खोली टिकते, आणि खोलीचं महत्त्व वर सांगितलंच आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांना वणवे लागले तेव्हा बातम्या झाडांच्या आणि प्राण्यांच्या आल्या. जळालेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात कुठे जाते, याकडे फार कुणी पाहिलं नाही.

नदीच्या खालच्या अंगाला डिचोली तालुक्याच्या खाणींची माती आहे. अनेक दशकं डंपांवरून लाल पाणी शेतांत आणि पात्रांत उतरलं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लीजांचं नूतनीकरण रद्द झालं, डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव झाले. खाण चालू असो वा बंद, डंप तिथेच आहेत आणि दर पावसाळ्यात ते थोडे थोडे खाली येतात. डंपाच्या पायथ्याचे बांध आणि गाळ बसवायची तळी पावसाआधी रिकामी आहेत का, ही तपासणी पूरनियंत्रणाचा भाग समजली पाहिजे.

यावरून ‘नदी उपसा’, म्हणजे पात्रातला गाळ काढा, ही मागणी निघते. ती सरसकट बरोबर नाही. मांडवीच्या खाडीत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सव्वादोन मीटरच्या आसपास असतो, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासांतून दिसलं आहे की हा फरक खाडीतून कित्येक किलोमीटर आत गेला तरी फारसा घटत नाही. भरतीच्या टप्प्यात पात्र कितीही खोल केलं तरी पाण्याची पातळी खालून भरतीच ठरवते. उलट खारं पाणी आणखी वर चढतं आणि काठ सुटतात. पुलांच्या खांबांपाशी, नाल्यांच्या मुखाशी, बेटासारख्या वाढलेल्या गाळावर नेमका उपसा करावा. बाकी पात्राला हात लावण्याआधी उभे-आडवे छेद घ्यावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं वेळापत्रक मात्र पंपघराच्या भिंतीवर लावलेलं असावं. भरतीची वेळ आधीच ठाऊक असते. पुराच्या हिशेबातली तेवढी एकच गोष्ट वर्षभर आधी छापून मिळते.

कामांचा क्रम

पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर मी आधी पंपघराकडे जाईन. वीज जाते तेव्हाच पंप लागतात, म्हणून जनरेटर भाराखाली चालवून बघायचा, नुसता सुरू करून बंद करायचा नाही. डिझेल किती तास पुरतं ते फळ्यावर लिहायचं. जाळीसमोरचा कचरा काढायला रात्रपाळीला दोन माणसं, लांब दांड्याचे आकडे आणि उजेड. आणि एक वही: पाऊस कधी सुरू झाला, आतली पातळी, बाहेरची पातळी, दरवाजा कधी पाडला, पंप कधी चालू, कधी बंद. पाच-सहा पावसाळ्यांची अशी वही हातात आली तर कुठल्याही सल्लागाराच्या मॉडेलपेक्षा ती जास्त सांगेल, आणि मॉडेल करायचंच झालं तर ते तपासायला तिच्याशिवाय काही नाही.

त्यानंतर नाल्यावरच्या अरुंद मोऱ्या, त्याही खालून वर अशा क्रमाने. वरची मोरी आधी रुंद केली तर पाणी खालच्या अरुंद मोरीवर जास्त जोराने आदळतं आणि जिथे पूर्वी पाणी येत नव्हतं तिथे येऊ लागतं. साखळीच्या बाजूची भिंत वाढवायची असेल तेव्हा कारापूर-विठ्ठलापूरच्या काठाचं माप पुन्हा घ्यायचं, कारण नदीला एक बाजू मिटली की ती दुसरी बघते.

बाजारात जुन्या पुरांच्या खुणा अजून सापडतात. भिंतीवर ओलीची रेघ असते, शटरच्या पत्र्यावर गंजाचा पट्टा असतो, आणि कुणाच्या तरी आजोबांनी खांबावर कोरलेली आडवी रेघ असते. या खुणा लेव्हलने मोजून एका नकाशावर आणाव्यात आणि चौकाचौकात रंगवाव्यात. म्हणजे नवं दुकान घेणाऱ्याला विजेचा मीटर आणि पहिलं फडताळ कुठे लावायचं ते विचारावं लागणार नाही. सोमवारच्या बाजाराला बाहेरगावाहून येणाऱ्या भाजीवाल्या, फुलवाल्या या नकाशात नसतात आणि त्यांचा माल सगळ्यात खाली, जमिनीवर असतो. इशारा त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे. भोंगा असेल तर त्याचे आवाज दोनच ठेवावेत, एक माल उचलण्याचा आणि एक माणसांनी निघण्याचा.

राहिली ती शेतं. नाल्याच्या काठची जी सखल शेतं आज शिल्लक आहेत त्यांचे सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि मेरेची उंची लिहून ती यादी नगरपालिका, शेजारच्या पंचायती आणि नगरनियोजन खाते यांच्याकडे पूरसाठवणीची जागा म्हणून नोंदवावी. ज्या कुळाच्या शेतात शहराचं पाणी थांबतं त्याला मेर दुरुस्तीचा खर्च आणि पीक बुडालं तर भरपाई मिळावी. पंपाच्या डिझेलवर दरवर्षी खर्च होतो, मग पाणी फुकटात सांभाळणाऱ्या शेतकऱ्यावर खर्च करायला हरकत कसली? यादी तयार झाल्यावर त्यातल्या एखाद्या क्रमांकावर भरावाचा पहिला टिपर आला की तो अडवायचा अधिकार कुणाकडे आहे, मामलेदाराकडे, पंचायतीकडे की पालिकेकडे, हे त्या यादीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं.